म्यानाचा ओठ

४ फेब्रुवारी

मामा,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि येत नाही हे तू कबूलही करत नाहीस, म्हणून हे पत्र. मामीला वाचायला लावू नकोस, स्वतः वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

बातमी अशी की कारखान्यात मला हेल्मेटच्या विभागातून काढून होल्स्टरच्या कामावर घेतलंय. ज्याला तू अजून म्यान म्हणतोस, तेच. पहारेकऱ्यांच्या एका मोठ्या संस्थेला पिस्तुलांची चार हजार होल्स्टरं हवी आहेत आणि त्यांचं डिझाइन मी करायचंय. आमच्याकडे प्लॅस्टिकचा पत्रा तापवून साच्यावर दाबतात. पाऊण मिनिटात एक नग तयार. बाजूला एक बटण असतं. ते अंगठ्याने दाबलं तरच पिस्तूल सुटतं, नाहीतर कुणी कितीही हिसकलं तरी निघत नाही.

आमचे साहेब म्हणाले, "कातड्याचे दिवस संपले." मी मान डोलावली. घरी आल्यावर वाटलं, ज्याच्या दुकानात मी दहाव्या वर्षी आरी धरायला शिकले त्याला एकदा विचारावं तरी. चांगलं म्यान म्हणजे काय रे मामा? आणि तुझं एखादं पाठवशील का?

दुकान सोडून इकडे आले म्हणून अजून राग असेल तर तोही लिही. सव्वा वर्ष गप्प बसलास, तेवढं पुरे झालं.

तुझी,
टाचणी


११ फेब्रुवारी

टाचणे,

राग कसला? तू गेलीस, तुझं बाक रिकामं झालं, त्यावर मी आता कातड्याचे गठ्ठे ठेवतो. झालं.

पाऊण मिनिटात एक! मला सुईत दोरा ओवायलाच तेवढा वेळ लागतो. तरीही ऐक, मी कसं करतो ते. तुला माहीत आहे, पण तुझ्या साहेबांना वाचून दाखव. कातडं कोमट पाण्यात भिजवायचं. पिस्तुलाच्या आकाराच्या लाकडी साच्यावर ओढून बसवायचं. मग हाडाच्या पट्टीने दाबत दाबत चापाची जागा, नळीची कड, सगळं उठवायचं. सावलीत दोन दिवस वाळवायचं. शिवायचं ते एका दोऱ्याला दोन सुया लावून, समोरासमोरून, म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचे जागा सोडत नाहीत. यंत्राच्या शिवणीचा एक टाका तुटू दे, बाकीचे लग्नातले पाहुणे पांगावेत तसे पांगतात.

चांगलं म्यान म्हणजे काय? कमरेवर आहे याची आठवण होत नाही ते. आणि हात गेला की विचारावं न लागता सापडतं ते.

लंबू आठवतो ना? तुला खांद्यावर बसवून दुकानाच्या छताला हात लावायला द्यायचा, तो वनरक्षक. त्याचं म्यान मी बावीस वर्षांपूर्वी केलं. अजून तेच वापरतो. त्याचा ओठ, म्हणजे जिथून पिस्तूल आत जातं ती वरची कड, इतका मऊ झालाय की बघत राहावं. माणसाला ओळखायला लागलंय ते म्यान. तुला दाखवायला चार दिवस दे म्हटलं तर म्हणाला, "दात काढून देतो, म्यान नाही." म्हणून नवं पाठवतोय. तुझ्या प्लॅस्टिकशेजारी ठेव आणि डोळे मिटून दोन्हींवर हात फिरव.

मामा


२ मार्च

मामा,

डोळे मिटून हात फिरवला. आमच्या पूर्ण विभागाने फिरवला. साहेबांनीसुद्धा, कुणी बघत नाहीसं पाहून.

पण मला एक कबूल करायचंय. तुझं म्यान मी यंत्राला लावलं. आमच्याकडे एक यंत्र आहे, ते पिस्तूल आत घालतं, बाहेर काढतं, आत घालतं, बाहेर काढतं. थकत नाही, कंटाळत नाही. तुझी शिवण नऊ हजार वेळा टिकली. एक टाका हलला नाही. आमच्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या, खोटं नाही सांगत.

फक्त ओठाचं एक दिसलं. तीन हजारानंतर तो मऊ पडायला लागला आणि नऊ हजाराच्या सुमारास आतल्या बाजूला वळला. पिस्तूल आत जाताना ती वळलेली कड चापाभोवतीच्या कडीत शिरते. म्हणजे बोट जिथे जायला नको तिथे कातडं जातं. यंत्रावर झालं, माणसाच्या हातात कदाचित होणार नाही. तरी लंबूकाकांचं एकदा नजरेखालून घालशील का? सहज, जमेल तेव्हा.

माझंही काही सोपं नाही. चाळीस पहारेकऱ्यांवर आमचं होल्स्टर घालून पाहिलं. त्यात एक बुटक्या बाई आहेत, गोदामाच्या फाटकावर असतात. पिस्तूल काढताना त्यांचं कोपर जवळजवळ कानापाशी जातं आणि त्या एका बाजूला कलंडतात. साहेब म्हणतात, "एकोणचाळीस जणांना बसलं ना?" मला त्या चाळिसाव्या बाईच दिसत राहतात. काय करू?

टाचणी


९ मार्च

टाचणे,

यंत्राला मनगट नसतं. डोळेही नसतात. माणसाला दोन्ही असतात. कड वळली तर माणूस बोटाने सरळ करतो आणि मग पिस्तूल घालतो. लंबू बावीस वर्षं तेच करतोय. त्याला हे सांगितलं नाही, हसला असता. पस्तीस वर्षं हे काम केल्यावर माझ्या म्यानाचा ओठ कसा वागतो हे मला एका ढकलयंत्राकडून शिकायचं नाही.

तुझ्या बुटक्या बाईंचं सांगतो. तू त्यांना उभं करून मोजलं असशील. सगळे उभंच करून मोजतात. त्यांना खुर्चीवर बसव. उठव. खाली पडलेली किल्ली उचलायला लाव. जिना चढायला लाव. मग बघ, पट्टा कुठे येतो आणि म्यान कुठे टोचतं. आणि बोलू नकोस. तू बोलायला लागलीस की समोरचा माणूस नीट वागायला लागतो. गप्प बसलीस की तो त्याच्यासारखा वागतो.

मामा


३० मार्च

मामा,

गप्प बसले! जमणार नाही असं वाटलं ना तुला?

बाईंना किल्ली उचलायला लावली. त्या वाकल्या तसं होल्स्टर बरगडीत रुतलं. त्यांनी नुसती पट्ट्याखाली दोन बोटं सरकवली. मी विचारलं, "हे रोज करता?" तर म्हणाल्या, "काय?" त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

मी होल्स्टर पट्ट्यापासून तीन बोटं खाली सोडलं आणि मूठ जराशी बाहेर कलवली. बाईंनी पिस्तूल काढलं तेव्हा कोपर कमरेपाशीच राहिलं. त्यांनी परत ठेवलं, परत काढलं. मग म्हणाल्या, "आधी मला वाटायचं, माझेच हात आखूड आहेत."

यासाठी दुसरा साचा लागेल आणि साहेब अजून ऐकत नाहीत. पण ऐकतील. तुझी पाठ थोपटायला मी तिथे हवी होते.

टाचणी


१८ एप्रिल

मामा,

पत्र नाही. मी तुझ्या कामाला नाव ठेवलं म्हणून पुन्हा अबोला का? ठीक आहे, मीही तुझीच भाची. पण मामीला सांग, निदान तिने दोन ओळी लिहाव्यात.

टाचणी


२५ एप्रिल

टाचणे,

अबोला नाही. सर्दी झाली होती. गुडघाही धरलाय. दुकान मध्ये बंद होतं.

एक विचारायचं होतं. तुमच्या त्या यंत्रावर ओठ नऊ हजार वेळांनी वळला म्हणालीस. एखादा माणूस दिवसातून दोनदा पिस्तूल काढून ठेवत असेल, तर ते किती वर्षांचं होतं? आणि कातडं पावसात भिजत असेल, घामाने ओलं होत असेल, तर लवकर की उशिरा? सहज विचारतोय.

मामा

(टाचणे, मी मामी. पाकीट मी टाकायला नेतेय म्हणून इथे लिहिते. यांना सर्दीबिर्दी काही झालेली नाही. दोन घास खाऊन उठतात. दुकान उघडतात आणि नुसते बसतात. मला काही सांगत नाहीत.)


२९ एप्रिल

मामा,

दिवसातून दोनदा म्हणजे साधारण बारा वर्षं. ओल आणि घाम असेल तर त्याहून लवकर.

तू मला आजवर कधी आकडा विचारला नाहीस. कातड्याची जाडीसुद्धा तू चिमटीने सांगतोस. काय झालं? लंबूकाका बरे आहेत ना?

मामीवर चिडू नकोस.

टाचणी


६ मे

टाचणे,

लंबूच्या पायात गोळी गेली. सत्तावीस मार्चला सकाळी. जिवावरचं गुडघ्यावर निभावलं, पण तो गुडघा आता वाकणार नाही.

गस्तीला निघण्याआधी चौकीच्या फाटकात त्याने पिस्तूल काढून तपासलं आणि परत म्यानात घातलं. कुणाशी तरी बोलत होता. पिस्तूल जरा अडलं. रोजच्या सवयीने त्याने जोर दिला. गोळी आत भरलेली असतेच. मांडीतून शिरून गुडघ्याचं हाड फोडून गेली.

खात्याने लिहून टाकलंय की चापावर बोट ठेवून पिस्तूल आत घातलं, निष्काळजीपणा. लंबू म्हणतो, बोट बाहेर होतं. कुणी मानत नाही. नोकरीची शेवटची चार वर्षं राहिली आहेत आणि आता त्याच्या नावापुढे हे लागणार.

आठ दिवसांनी त्याची बायको दुकानात आली. पिशवीतून म्यान काढलं. म्हणाली, "भोक पडलंय खाली. ते म्हणतात, तुमच्याच हातून शिवून आणायचं." ती गेल्यावर मी पिस्तुलाचा लाकडी साचा काढला आणि म्यानात घातला. ओठ आत वळला आणि कडीत शिरला. तू लिहिलं होतंस तस्सा. पुन्हा घातला. पुन्हा तेच. बोटाने सरळ केला तरी आत जाताना परत वळतो. दहा वेळा केलं.

तुझं पत्र पाच मार्चला आलं होतं. सत्तावीसला हे घडलं. मध्ये बावीस दिवस होते. लंबू त्या बावीस दिवसांत चारदा दुकानात चहाला येऊन गेला. म्यान कमरेला होतं. मी हात लांब केला असता तर लागलं असतं.

याहून वाईट सांगतो. मी खालचं भोक शिवलं. मग ओठाला आतून लावायला कडक कातड्याची पट्टी कापली. ती लावली असती की संपलं. म्यान सरळ झालं असतं, कुणाला कधी कळलं नसतं, आणि लंबू निष्काळजी ठरला असता. पट्टी बाकावर महिना झाला पडून आहे. लावलेली नाही. पण फेकलेलीही नाही.

हे मामीला अजून सांगितलेलं नाही.

मामा


९ मे

मामा,

पत्र दोनदा वाचलं. तुझी समजूत घालणार नाही, कारण तुला ती नको असेल.

पण यात मीही आहे. ओठ वळताना मी फेब्रुवारीतच पाहिला होता. तुला लिहायला बसले आणि शब्द मऊ करत गेले. आधी टाळ्यांचं लिहिलं. मग "सहज, जमेल तेव्हा" असं लिहिलं. तू दुखावशील म्हणून. मला लंबूकाकांचा पत्ता माहीत होता, त्यांना सरळ चार ओळी लिहिता आल्या असत्या. तू गप्प झालास तेव्हाही मला वाटलं, फुगून बसला असशील. तेव्हा लंबूकाका दवाखान्यात होते.

आणखी एक. माझ्या होल्स्टरचं मी तुला सगळं लिहिलं नव्हतं. बारीक धूळ गेली की बटण अडकतं. चाळीसपैकी तिघांचं अडकलं. गरजेच्या वेळी पिस्तूल बाहेरच येणार नाही. साहेब म्हणाले, धूळ पुसायची सूचना पुस्तिकेत छापू. मी चाचणीच्या कागदावर सही केली. तुला लिहिलं नाही, कारण आपल्या दोघांच्या भांडणात मी जिंकत होते.

ती पट्टी लावू नकोस. म्यान आहे तसं घेऊन चौकशीला जा. तुझ्या म्यानाच्या चाचणीचे कागद सोबत पाठवतेय, माझ्या सहीचे. पण हेही समजून घे, की हे बाहेर आलं तर आमच्या साहेबांना आयतंच मिळेल. कातडं किती धोक्याचं, हे ते चारचौघांत सांगत सुटतील. पस्तीस वर्षांच्या तुझ्या नावाचं काय होईल, मला माहीत नाही. तरी जा.

टाचणी


२४ मे

टाचणे,

गेलो. आधी मामीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग आज का सांगताय? कपडे करा."

खात्याच्या कचेरीत एक लांबट खोली, मधे टेबल, खिडकीला जाळी. चौकशीला आलेल्या बाई चष्मा लावून फाइल वाचत होत्या. लंबू कोपऱ्यात बसला होता, पाय सरळ समोर ठेवून, दुसऱ्याचा असल्यासारखा. मला बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी येणार हे त्याला ठाऊक नव्हतं.

बाई म्हणाल्या, "आपण कोण?"

म्हटलं, "हे म्यान मी केलंय."

"मग?"

"रिकामं पिस्तूल मागवा. मी बोलण्यापेक्षा तेच बघा."

पिस्तूल आणलं. दोघांनी उघडून, गोळी नाही याची खात्री केली. मी पिस्तुलाची मूठ दोन बोटांत मागून धरली, बाकीची बोटं सगळ्यांना दिसतील अशी पसरली, आणि हळूहळू आत सोडलं. अडलं. जरा दाबलं. आणि खोलीत चाप दबल्याचा 'टक्' असा आवाज झाला.

एवढासा आवाज, पण मलाही ऐकू आला.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "पुन्हा करा." पुन्हा केलं. पुन्हा 'टक्'. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं. मग तुझे कागद वाचले, पानापानाने. मला विचारलं, "हे मार्चपासून तुम्हाला माहीत होतं?"

"हो. आधी पत्राने, मग डोळ्यांनी."

"मग आज का आलात?"

म्हटलं, "तेव्हा मला माझं काम दिसत होतं. याचा पाय दिसत नव्हता." त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, माहीत नाही.

बाहेर व्हरांड्यात लंबू भिंतीला टेकून उभा होता. मी समोर गेलो. वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ओठ वळतोय हे मी रोज बघत होतो रे. मला वाटायचं, जुनं झालंय, आपलं झालंय. मला ते आवडायचं." आणि मग आवाज बदलला. "पण तुला कुणी सांगितलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं." एवढं बोलून तो काठी टेकत गेला. मी हात पुढे केला, त्याने धरला नाही.

मी नमुन्यांची वही काढली आहे. त्यात कुणासाठी कुठला साचा वापरला याची नोंद आहे. एकसष्ट म्यानं अजून कुणाच्या ना कुणाच्या कमरेला असतील. एकेकाकडे जातोय. आतापर्यंत चौदा परत आणली. त्यातल्या पाचांचे ओठ वळलेले होते. एक जण म्हणाला, "दुरुस्त करून द्या, पण फार कडक नको हं, मला असंच आवडतं." त्याच्यासमोर मी ते रापीने मधोमध कापलं.

मामा


१२ जून

मामा,

तुझं पत्र खिशात ठेवून साहेबांकडे गेले. बटणाचं सांगितलं. म्हटलं, माझी सही परत घेतेय. ते ओरडले. चार हजारांचं काम, तारीख ठरलेली, आणि तू आत्ता सांगतेस? म्हटलं, "आत्ता सांगतेय. चार हजार जणांच्या कमरेला लागल्यावर नाही."

त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. तासाभराने बघते तर ते स्वतः टेबलाशी बसून बटणात चिमटीने धूळ टाकत होते. आठव्यांदा अडकलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुस्तिकेत छापून हे कसं थांबणार होतं?" काम तीन महिने पुढे गेलंय. मला मात्र पुन्हा हेल्मेटकडे पाठवलं. बटण दुसरा कोणीतरी करेल. जाताना बुटक्या बाईंच्या दुसऱ्या साच्याचा कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. त्यांनी तो फाइलला लावलेला मी पाहिला. करतील की नाही, सांगता येत नाही.

कातड्याला नावं ठेवायची संधी त्यांनी घेतली का, हे तुला विचारायचं असेल. नाही घेतली. मीच सभेत सांगितलं, की कातड्याचं म्यान डोळ्यांना दिसेल असं हळूहळू बिघडतं आणि आपलं अचानक अडकतं. दोन्ही बनवणाऱ्यांनी वापरणाऱ्याला सांगितलं नव्हतं, एवढंच सारखं आहे.

लंबूकाकांचा निकाल लागला का?

टाचणी


३० जून

टाचणे,

निकाल लागला. निष्काळजीपणाचा ठपका काढला. म्यान सदोष, असं लिहिलं, आणि कुणी केलं तेही लिहिलं. तो कागद मी दुकानात लावलाय. गिऱ्हाईक वाचतं. काही परत जातात. काही वाचून बसतात आणि विचारतात, मग आता कसं करता? त्यांना दाखवतो. ओठात आता पोलादी पट्टी घालून शिवतो, आणि आतल्या बाजूला वर्ष कोरतो. दहा वर्षांनी परत आणायचं, नाहीतर मी देत नाही.

लंबू काल आला. व्हरांड्यानंतर पहिल्यांदा. चहा घेतला नाही. त्याला आता रोपवाटिकेच्या फाटकावर नोंदी करायला बसवलंय. म्हणाला, लिहायला दोन्ही हात लागतात, फाटक उघडायलाही लागतात, आणि तेवढ्यात काठी घसरून पडते. गुडघा वाकत नाही, म्हणून उचलता येत नाही. मग कुणी येईपर्यंत फाटकाला धरून उभं राहावं लागतं. कमरेला काठी अडकवता येईल असं काहीतरी कर, म्हणाला.

मी विचारलं, "माझ्याकडून?"

म्हणाला, "दुसरा कोण आहे इथे? पण मी घालून बघेन, आणि टोचलं तर टोचतंय म्हणेन."

त्याला बसवलं, उठवलं, दाराची कडी काढायला लावली. तासभर गप्प बसून बघत होतो. मग चित्र काढलं, ते सोबत आहे. काठी वरून अडकवायची की बाजूने, ठरत नाही. तो तोल जाऊन पडला तर काठी पटकन सुटली पाहिजे, पण चालताना सुटता कामा नये. जिथे पट्टा वळतो तिथे चूक आहे असं मला वाटतं, म्हणून खूण केलीय, पण तुला कदाचित दुसरीकडे दिसेल.

आधी वाईट ते लिही. मऊ करू नकोस. कातडं अजून भिजवलेलं नाही, तुझं पत्र आल्यावर भिजवेन.

मामा